मीठ आणायला गेलीस ती

वच्छे,

त्या दुपारी आपण दोघं शेवंतीला धूत होतो. तू तांब्या तांब्या पाणी सोडत होतीस आणि मी तळहातानं तिच्या अंगावरचं पाणी निपटून काढत होतो. कर्वेनगरचं लग्न होतं. नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीला न्यायचं आणि कार्यालयाच्या दारात आणून सोडायचं, एवढंच काम. पण त्याच्या मित्रांनी दर चौकात नाच धरला. घोडी उन्हात उभी, पाठीवर जरीची झूल, झुलीवर नवरदेव. तोही चांगला दुधातुपातला. तो उतरला तेव्हा शेवंतीनं नाक फेंदारून असा श्वास सोडला की वरमाईनं दचकून पदर सावरला. मग मी तिला पुलावरून चालवत कसब्यात आणली. डांबर चपलेतून भाजत होतं.

तू दारातच होतीस. तिच्या मानेवरून हात फिरवलास. पांढऱ्या घोडीवर वाळलेला घाम दिसत नाही, हाताला खरखरतो. तेवढ्यावरच तुला कळलं.

"अहो, नवरदेव बसला होता का पोती लादली होती?"

"नवरदेवच होता."

"मग त्याला खाली उतरून नाचायला काय झालं होतं?"

मग आपलं नेहमीचं भांडण. तू म्हणालीस, आधी पाणी दाखवा तिला. मी म्हटलं, आधी निवू दे, गरम घोड्याला पाणी द्यायचं नाही, बा सांगून गेलाय. तू म्हणालीस, "बा गेलाय ना? मग द्या पाणी."

बादली तूच पुढे केलीस. शेवंतीनं दोन घोट घेतले, तोंड वर केलं आणि ओठांतून पाणी गाळत उभी राहिली. मी म्हटलं, बघ, पुरे झालं तिला. तू म्हणालीस, "पुरे नाही झालं. तहान मेलीय तिची. आतलं सगळं मीठ बाहेर आलंय. थांबा, मीठ आणते."

आणि आत गेलीस.

मी घोडीचे पाय धुतले. खूर बघितले. तू येईना. मी ओरडलो, "मीठ आणायला समुद्रावर गेलीस का गं?"

माझं तुझ्याशी हे शेवटचं बोलणं. लोकांचं शेवटचं बोलणं काय काय असतं. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी हात हातात घेतं. मी हे बोललो. आणि आतून उत्तर आलं नाही. तू आणि उत्तर देणार नाहीस? तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

ओट्याला टेकून बसली होतीस. मांडीवर बरणी. झाकण काढलेलं, मीठ सांडलेलं नव्हतं. मला वाटलं, दमली, बसली जरा. मी म्हटलंसुद्धा, अगं ऊठ. पुढचं काय लिहू. रिक्षा, दवाखाना, तिथला तो पोरगेला डॉक्टर. त्यानं माझ्याकडे न बघता दिलीपला बाजूला बोलावलं. बापाला सांगायची कामं लोक पोराला सांगतात. दिलीप वाघोलीहून कसा आला, कुठून आला, मला ठाऊक नाही. एकदम समोर उभा होता आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, आई नाही राहिली." दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. सगळं म्हणजे तू.

आता लोक येतात, बसतात. म्हणतात, सोनं झालं हो, हातपाय हलते असताना गेली, कुणाला करायला लावलं नाही. मी म्हणतो, मला करायचं होतं. मग ते चहा पितात.

वच्छे, तू या घरात आलीस तेव्हा घोड्याला भीत होतीस. आठवतं का? बाचा टांगा होता तेव्हा, आणि टांग्याला हिरा. तू पाण्याची बादली लांबून पायानं सरकवायचीस. आणि मी हसलो की म्हणायचीस, हसू नका, ज्याला स्वतःच्या लग्नात घोडा मिळाला नाही त्यानं हसू नये. खरं होतं ते. आपल्या लग्नादिवशी बानं हिराला दुसऱ्याच्या वरातीला दिला होता आणि मी पायी आलो. घरात घोडा असून नवरदेव पायी. तो टोमणा तू मला जन्मभर पुरवून पुरवून वाढलास. परवा-परवापर्यंत. शेजारच्या कुसुमवहिनींना सांगत होतीस, "आमचे हे चालत आले, म्हणून अजून चालतात तरी."

आणि तुझं ते दुसरं. मी वरातीवरून आलो की विचारायचीस, "नवरी कशी होती?" मला कुठली दिसणार नवरी? नवरदेव उतरला की आपलं काम संपलं. एवढी लग्नं केली, एकही लागलेलं बघितलं नाही. मी म्हणायचो, होती बरी. तू म्हणायचीस, बरी म्हणजे? मग मी काहीतरी ठोकून द्यायचो. हिरवा शालू, नाकात नथ, उंच आहे, दात जरा पुढे. तुला माहीत होतं मी थापा मारतो. तरी रोज विचारायचीस. कर्वेनगरची नवरी तू विचारली नाहीस. घामाच्या भांडणात राहून गेलं. मी रस्त्यानं येताना ठरवून ठेवली होती. डाळिंबी रंगाची पैठणी, आणि हसली की गालाला खळी.

हिरा गेला तो उन्हाळाही असाच होता. बा स्टेशनवरून भरलेला टांगा घेऊन आला, घोडा बांधला आणि म्हणाला, निवल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. घोडा निवला. नंतर पाणी ठेवलं तर त्याला नकोच होतं. सगळे म्हणाले, बघा कसा शांत उभा आहे. दिवस कलता कलता तो पोटाकडे वळून बघायला लागला, मग पाय झाडायला लागला, मग लोळायला लागला. पोटशूळ. सकाळी उठलाच नाही. बा त्या दिवसापासून कमी बोलायला लागला. तू नवी नवरी. हळूच मला म्हणालीस, आल्या आल्या थोडं पाणी दिलं असतं तर. मी तुझ्यावर असा ओरडलो की तू घोड्याला भ्यायचं सोडलंस आणि मला भ्यायला लागलीस. तेही चार दिवसच म्हणा.

तू भट्टीवर काम केलेली बाई. चुरमुऱ्याच्या भट्टीवर, लग्नाआधी, आईबरोबर. तू सांगायचीस, आगीपुढे बसून इतका घाम जायचा की तांबेच्या तांबे पाणी पिऊनही पायात गोळे यायचे, आणि मग भट्टीवाली म्हातारी तुमच्या तळहातावर गूळ आणि मीठ ठेवायची. चाटा, मग पाणी प्या. घोडाही तसाच घाम गाळतो, मग त्यालाही तसंच, हे तुझं शास्त्र. बा म्हणायचा, घोडा म्हणजे काय चुरमुरा आहे का? बा गेल्यावर ते मी म्हणायला लागलो. घरात कुणीतरी म्हणायला पाहिजे ना.

एकदा तर तू मेडिकलमधून जुलाबावरची पाकिटं आणलीस. संत्र्याच्या वासाची. शेवंती नवीन होती तेव्हा. बादलीत पाकिटं ओतलीस, हातानं ढवळलंस, तिच्यापुढे ठेवलंस. तिनं वास घेतला, वरचा ओठ उलटा केला आणि दात दाखवून आभाळाकडे बघत राहिली. मी हसून हसून खाली बसलो. तू म्हणालीस, हसताय काय, दात बघा तिचे, तुमच्यापेक्षा बरे आहेत. त्या दिवशी त्या बादलीतलं तिनं थेंबभरही घेतलं नाही. वर साध्या पाण्याचीही बादली नव्हती, म्हणून दिवसभर तशीच राहिली.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा तू त्यांना स्वतःच सांगितलंस, मी चुगली करायच्या आधी. ते म्हणाले, "मावशी, विचार बरोबर आहे तुमचा, औषध चुकलं. हे माणसांसाठी. यात साखर फार आणि घोड्याला लागतं तेवढं मीठ नाही. आपल्या घामात पाणी जास्त जातं, मागे उरलेलं रक्त खारट होतं, म्हणून आपल्याला तहान लागते. घोड्याचं पाणी आणि मीठ बरोबरीनं जातं. त्याच्या डोक्याला कळतच नाही की पाणी कमी पडलंय. म्हणून दमलेला घोडा पाणी नको म्हणतो. साधं मीठ द्या, भिजवलेल्या कोंड्यातून, थोडं थोडं. आणि शेजारी साधं पाणी पाहिजेच. पाणी नसेल तर मीठही नको."

"आणि गरम असताना पाणी द्यायचं का?" तू विचारलंस. माझ्याकडे बघत.

"द्यायचं की. आल्या आल्या द्या."

मी म्हटलं, डॉक्टर, बा म्हणायचा पोटात दुखतं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, जुन्या लोकांचं तसंच होतं काका, सगळेच म्हणायचे. तुला एवढं पुरलं. त्या दिवसापासून गरम घोडी दारात आली की आधी बादली, मग मी. आणि मी दर वेळेला, निवू दे. दर वेळेला तू जिंकलीस आणि दर वेळेला मी पहिल्यापासून भांडलो. एकदाही शेवंतीचं पोट दुखलं नाही. हे मला दिसत होतं. न दिसायला मी काय आंधळा आहे? पण पाणी दे म्हटलं, तर हिरा कशानं गेला हे म्हणावं लागलं असतं. तुला तेच माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी ते दिलं नाही. बा चुकला असेल, वच्छे. असेल म्हणतो. तू समोर असतीस तर एवढंही म्हटलं नसतं, आणखी वर्ष-दोन वर्षं भांडलो असतो. मला ती वर्षं पाहिजे होती.

तर आता दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो. तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

माणसं गोळा झाली होती. हडपसरहून आक्का आलेली, माझी थोरली बहीण, तुला ठाऊकच आहे, आली की घर तिचं. चूल बंद. शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी आलेली, तीही अळणी, कारण आक्काचं म्हणणं, आपल्यात सुतकात मीठ खात नाहीत. तुझी बरणी तिनं उचलून फळीवर ठेवली होती, वर कापड बांधून. मी सावडायला जायचं म्हणून बसून होतो. तेवढ्यात कुसुमवहिनी आत आल्या, डोळ्याला पदर लावून. म्हणाल्या, "भाऊजी, शेवंतीनं अन्नपाणी सोडलंय हो. काल मी बादली भरून ठेवली ती तशीच आहे. मुकं जनावर, पण तिला कळलं."

सगळे बाहेर गेले बघायला. शेवंती मान खाली घालून उभी होती. कडबा तसाच, पाणी तसंच, वर एक पान तरंगत होतं. बायका रडायला लागल्या. आक्कानं तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. म्हणाली, "मागच्या जन्मीची लेक असेल वच्छीची." एक पोरगा मोबाईलवर शूटिंग घ्यायला लागला, त्याला दिलीपनं हाकललं.

आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. रात्रभर माणसं येत होती, माझ्याजवळ बसत होती, पण माझ्यासारखं कुणीच तुटलं नव्हतं. दिलीपला बायको आहे, पोरं आहेत. इथं एक जीव होता जो माझ्याएवढाच तुटला होता. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. म्हटलं, राहू दे गं, मीही नाही खाल्लं.

गळ्याला हात लागला आणि हाताला खरखर लागली.

मान राहिली होती धुवायची. तू आत गेलीस, मी पाय धुतले, आणि मग धुणं तिथंच राहिलं. मी कातडी चिमटीत धरली आणि सोडली. बसली पाहिजे ती लगेच. बसेना. तशीच घडी उभी. कुशी आत गेलेल्या. आणि तिनं मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

हिरानंही असंच बघितलं होतं.

वच्छे, ती तुझ्यासाठी उपाशी नव्हती गं. कर्वेनगरचा घाम होता तो. तिला मीठ मिळालं नव्हतं. तू आणायला गेलीस ते आलंच नाही, आणि आम्ही सगळे तिला हात जोडत उभे होतो.

मी म्हटलं, "आक्का, मिठाची बरणी काढ."

"आज? सुतकात?"

"सुतक मला आहे. घोडीला नाही."

"वेडा झालास का? ती दुःखात आहे, तिला काय मीठ भरवतोस?"

"ती दुःखात नाही. तिचं मीठ गेलंय. काढतेस का मी चढू फळीवर?"

आक्का हलली नाही. कुसुमवहिनीच धावत घरी गेल्या आणि वाटीत खडेमीठ घेऊन आल्या. मी हात पुढे केला तर त्यांनी वाटी पायरीवर ठेवली. मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं. मी म्हटलं, "द्या हातावर वहिनी. आता भांडायला कोण राहिलंय?" तर त्या मटकन पायरीवरच बसल्या.

दिलीपनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारपर्यंत येतो, तोवर तिला लोळू देऊ नका, मीठ थोडंच द्या, पाणी सारखं पुढे ठेवा. पाणी पितेय आणि लघवी करतेय म्हटल्यावर काळजी करू नका. पोट जास्त दुखलं तर मात्र लगेच फोन करा.

मी कोंडा भिजवला. चिमूट चिमूट मीठ टाकलं, गुळाचा खडा कुस्करला. तू किती टाकायचीस हे मी कधी बघितलंच नव्हतं. तुझी पाठ असायची माझ्याकडे. आधी मीठ तिच्या ओठाला लावलं. ती जीभ फिरवत राहिली. मग माझा तळहात चाटला. मग कोंड्यात तोंड घातलं, सावकाश, आजाऱ्यासारखं. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो, बादली दोन हातांत धरून. बऱ्याच वेळानं तिनं नाक पाण्याला लावलं. काढलं. परत लावलं. आणि प्यायला लागली. घशातून घोट जाताना गळ्यावरून गोळा सरकतो ना, तो मी बघत होतो. एकामागून एक. अर्धी बादली गेली.

आणि मला तिचा राग आला. तुला सांगायला काय लाज? असा राग आला की बादली ओढून घ्यावी. तू नव्हतीस आणि ती पाणी पीत होती. रोजच्यासारखी. बघायला आलेल्या बायकाही हिरमुसल्या, एकेक करून आत गेल्या. त्यांचं रडं अर्धवट राहिलं. मी मात्र दुसरी बादली भरून आणली.

दिलीप आला. "दादा, निघायला पाहिजे. तिथं आपली वेळ दिलीय. सगळे थांबलेत."

मी म्हटलं, "थांबू देत. घोडी मुतल्याशिवाय मी हलत नाही."

आक्कानं आतून ऐकलं. बाहेर येऊन कपाळावर हात मारला. "अरे, बायकोच्या अस्थी आणायच्यात आणि तू घोडीच्या मुताची वाट बघत बसलास? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"वच्छीला काय वाटेल?"

दिलीप बोलला. तुझा तो मुखदुर्बळ मुलगा. बूट काढले, पँट दुमडली आणि म्हणाला, "आत्या, आई असती तर तीपण नसती हलली." आणि तांब्या घेऊन शेवंतीची मान धुवायला लागला. तो पाणी सोडत होता, मी निपटत होतो. त्याला नीट जमत नाही, सगळं पाणी माझ्याच अंगावर. गल्लीच्या तोंडाशी चार पाहुणे घड्याळं बघत उभे होते. ऊन पायरीवर आलं, मग पायरी उतरून तबेल्यात आलं.

मग तिनं मागचे पाय फाकवले, शेपटी वर केली आणि मुतली. मूत पिवळंधमक, पण भरपूर. थांबतच नव्हती. दिलीप माझ्याकडे बघून हसला आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. काल माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता तो पोरगा भिंतीला टेकून हमसून हमसून रडला. मी त्याला रडू दिलं. कुसुमवहिनींना घोडीजवळ बसवलं, लोळायला लागली तर फोन करा म्हटलं. हात धुतले, टोपी घातली आणि तुला गोळा करायला निघालो.